ऑनलाइन टायमर लावताय? थांबा, आधी आवाज कुठून येणार ते बघा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी टाकी वाहतानाचा फोटो पडतो आणि त्याखाली कुणीतरी लिहितं, "टायमर लावला होता हो, वाजलाच नाही." मी यावर हसत नाही, कारण एक फोटो माझ्या नावावरही आहे. मोटर लावायची पाळी आमची होती, लॅपटॉपवर बारा मिनिटांचा टायमर लावला आणि निवांत भेंडी चिरत बसले. टायमर अगदी वेळेवर वाजला, पण वाजला कुठे, तर ऑफिसच्या कॉलनंतर टेबलावर काढून ठेवलेल्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये, चिलटासारखा. मला कळलं ते वरच्या काकू जिन्यातून ओरडत आल्या तेव्हा, आणि तोवर गच्चीचं पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरलेलं, शेजारच्यांचं पायपुसणं तरंगत होतं.

त्यानंतर घरात, ओळखीत, भावाच्या अभ्यासिकेत लोक टायमर कसा लावतात हे बघायची सवयच लागली मला आणि सगळे त्याच चार-पाच ठिकाणी चुकतात. बटण कुठलं दाबायचं हे सगळ्यांना कळतं. गडबड होते ती बटण दाबायच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात, आणि बटण नेमकं कधी दाबायचं यात. म्हणून क्रमाने लिहितेय. मी धरलेली मर्यादा एक मिनिट ते साधारण अर्धा तास, त्याच्या पुढच्या कामांना ब्राउझरमधला टायमर वापरूच नका.

## पायरी १: हे काम टायमरचं आहे का ते ठरवा

स्वतःला विचारा, मला "इतक्या मिनिटांनी" आठवण हवीय की "अमुक वाजता" हवीय? इतक्या मिनिटांनी हवी असेल तर टायमर, अमुक वाजता हवी असेल तर अलार्म. साधं वाटतं पण तत्काळ तिकिटाला लोक हमखास घोळ घालतात. तत्काळचं बुकिंग आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला आणि नॉन-एसीचं ११ ला उघडतं, आता ९ वाजून ४३ मिनिटं झालीयत म्हणजे १७ मिनिटांचा टायमर लावू असं गणित करत बसायचं, त्यात लावायला मिनिटभर उशीर, की टायमर वाजतो १० वाजून १ मिनिटाने आणि तोवर वेटिंग सुरू. इथे सरळ ९:५५ चा अलार्म लावा. पाणी यायची वेळ, शाळेची व्हॅन, गोळीची वेळ, सगळं अलार्मचं खातं.

तिसरा प्रकार आहे डोळ्यांच्या कामांचा. फोडणी, साखरेचा पाक, आणि दूध. दुधाला टायमर लावून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार. पातेलं कुठलं, दूध किती, फ्रिजमधून आत्ता काढलंय की बाहेर होतं, गॅस किती मोठा, यातलं एक जरी बदललं तरी दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो आणि दुधाला उतू जायला दहा सेकंद पुरतात. दुधाला टायमर लावायचाच असेल तर तो "आता ओट्यापाशी येऊन उभी राहा" यासाठी. एरवी नऊ मिनिटं लागत असतील तर सहाचा लावा आणि पुढचं डोळ्यांनी बघा.

## पायरी २: आधी एकदा मोजा, अंदाज नको

"पाचेक मिनिटं लागतात" यातला 'एक' फार महागात पडतो. कुठल्याही कामाला पहिल्यांदा टायमर लावायच्या आधी तीन वेळा स्टॉपवॉच लावून खरा वेळ मोजा. तिन्ही आकडे फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका.

मग त्यातला कुठला आकडा घ्यायचा? ज्या कामात उशीर झाला की नुकसान, म्हणजे टाकी, बादली, तव्यावरचं काही, तिथे सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या. जिथे लवकर उचललं की नुकसान, म्हणजे इडली, उकडलेले बटाटे, तिथे सगळ्यात जास्त आलेला.

आणि यातून पोचायचा वेळ वजा करा! आमची बिल्डिंग चार मजली, लिफ्ट नाही, मोटरचं बटण तळमजल्यावर मीटरच्या खोलीत. टाकी भरायला १८ मिनिटं लागतात म्हणून १८ चा टायमर लावला तर वाजेपर्यंत टाकी काठोकाठ, मग मी चप्पल शोधणार, दार ओढणार, चार मजले उतरणार आणि मीटरच्या खोलीची किल्ली वरच राहिलीय हे खाली गेल्यावर आठवणार. आता १४ चा लावते. टाकी थोडी रिकामी राहिली तर राहू दे, कुणाचं काही बिघडत नाही.

सावध: आमच्या पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद असलं की महापालिकेच्या निवेदनात ते ठरलेलं वाक्य असतंच, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. त्या शुक्रवारी तुमचे मोजलेले आकडे विसरा. नळाला धार बारीक, त्यामुळे बादलीचा वेळ चुकतो, पण त्याहून वाईट म्हणजे खालच्या टाकीतच पाणी कमी असतं आणि नेहमीच्या टायमरवर विसंबलात तर मोटर कोरडी फिरते. आधी झाकण उघडून बघा, मग बटण.

## पायरी ३: लॅपटॉप की मोबाइल?

ऑनलाइन टायमर म्हणजे ब्राउझरमधलं एक पान. पान जागं असेल तर टायमर चालणार, पान झोपलं की टायमर रामभरोसे. एवढं लक्षात ठेवलं तर अर्ध्या चुका होणारच नाहीत.

मोबाइलवर ब्राउझरमध्ये टायमर लावून स्क्रीन लॉक केली की फोन त्या पानाला गप्प बसवतो. आयफोनवर तर जवळपास नक्कीच, अँड्रॉइडवर कधी चालतो कधी नाही, बॅटरी सेव्हर चालू असेल तर विचारूच नका. काही साइट स्क्रीन आपोआप जागी ठेवतात, काही ठेवत नाहीत. तेव्हा नियम सोपा: फोन समोर उघडा ठेवून बघणार असाल तर ब्राउझरचा टायमर चालेल. फोन खिशात, पर्समध्ये किंवा उशीखाली जाणार असेल तर फोनच्या घड्याळ अ‍ॅपमधलाच टायमर लावा, तो लॉक असतानाही वाजतो आणि आयफोन सायलेंटवर असला तरी वाजतो.

मग ऑनलाइन टायमर कशाला? मोठा आकडा लांबून दिसतो म्हणून. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडा, पूर्ण स्क्रीनवर ७:४२ दिसतंय आणि ओट्यापाशी उभं राहून मान वळवली की कळतंय, ही सोय फोनच्या चिमुकल्या आकड्यात नाही. ओल्या, पिठाच्या हाताने फोन उघडायला लागत नाही. मुलांना दाखवायला, पेपर सोडवताना समोर ठेवायला, घरात दोघातिघांना मिळून एकच वेळ पाळायचा असेल तर हाच बरा.

लॅपटॉपवर दोन गोष्टी बघा. एक, झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो आणि टायमरही झोपतो. दुसरं, सेटिंगमध्ये "इतक्या मिनिटांनी स्लीप" किती आहे? ते ५ मिनिटांवर असेल आणि तुमचा टायमर १० चा असेल तर काय होणार ते सांगायला नको.

## पायरी ४: साइट एकदाच नीट निवडा आणि बुकमार्क करा

दर वेळी नव्याने सर्च करून जी पहिली दिसेल ती साइट उघडायची ही सवय सोडा. हात पिठाचे, कुकर शिट्टीला आलेला, आणि तुम्ही जाहिरातीतलं खोटं "स्टार्ट" दाबून भलत्याच पानावर पोचलेला असता.

शांतपणे बसून एक साइट निवडा. आकडा मोठा हवा, आवाज तपासायचं बटण हवं, टॅबच्या नावातच उरलेली मिनिटं दिसली तर फारच छान. लॉगिन मागत असेल तर सोडा. काही डाउनलोड करा म्हणत असेल तर पळा. नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर नाही म्हणा, एकदा हो म्हटलं की काही साइट टायमर सोडून बाकी सगळ्याच्या सूचना पाठवत बसतात. पाच मिनिटं मोजायला तुमचं लोकेशन आणि कॅमेरा कुणालाही लागत नाही.

आता ही चाचणी करा, एकदाच करायचीय. दहा मिनिटांचा टायमर लावा, सोबत भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघून ठेवा, दुसऱ्या टॅबवर जाऊन आठ मिनिटं दुसरं काहीतरी वाचा, आणि परत या. घड्याळाप्रमाणे आठ मिनिटं झालीयत तर टायमरमध्ये दोन उरली पाहिजेत. चार किंवा सात उरली असतील तर ती साइट तुमच्या कामाची नाही.

असं का होतं? ब्राउझर मागे पडलेल्या टॅबना बॅटरी वाचवायला मुद्दाम हळू करतो. क्रोममध्ये २०२१ च्या सुरुवातीपासून असं आहे की काही वेळ न दिसणाऱ्या आणि गप्प असलेल्या पानाला मिनिटातून एकदाच जाग येऊ शकते. आता जी साइट दर जाग आली की एक सेकंद वजा करते तिचा पूर्ण बोऱ्या वाजतो, कारण मिनिट गेलं तरी ती एकच सेकंद मोजते. नीट बनवलेली साइट संपायची वेळ आधीच लिहून ठेवते आणि जाग आली की घड्याळाशी ताडून बघते, त्यामुळे आकडा बरोबर राहतो, तरी वाजायला थोडा उशीर होऊ शकतो. म्हणून चाचणी पास झालेल्या साइटचीही खिडकी वेगळी काढून कोपऱ्यात दिसती ठेवा. दुसरी खिडकी तिच्यावर पूर्ण पसरलीय? मग तीसुद्धा मागे गेलेलीच धरली जाऊ शकते.

पास झालेल्या साइटची ५ मिनिटांची आणि १० मिनिटांची पानं बुकमार्क करा. माझे दोन बुकमार्क आहेत, नावं "कुकर" आणि "पोरगं".

## पायरी ५: दहा सेकंदांची आवाज-चाचणी

ही पायरी सगळे गाळतात. दर वेळी करायचीय, कंटाळा आला तरी. पाणी वाहून गेलं त्या दिवशी मी हीच गाळली होती.

आधी पानावर एकदा क्लिक करा. काही साइट पान उघडताच आपोआप मोजायला लागतात आणि आपण म्हणतो वा काय सोय, पण तुम्ही पानावर कुठेही बोट लावलेलं नसेल तर ब्राउझर आवाज अडवू शकतो, जाहिरातींचे व्हिडिओ आपोआप ओरडू नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. आकडा शून्यावर येतो, पान लाल होतं, आणि घरात शांतता.

मग आवाज तपासायचं बटण दाबा, ते नसेल तर ५ सेकंदांचा टायमर लावून बघा. आवाज आला? कुठून आला? ब्लूटूथ चालू असेल तर आवाज इअरफोनमध्ये, हॉलमधल्या स्पीकरमध्ये, नाहीतर टीव्हीत गेलेला असतो. ब्लूटूथ बंद करा.

फोनवर असाल तर आणखी एक भानगड. अँड्रॉइडमध्ये रिंगचा आवाज वेगळा, अलार्मचा वेगळा आणि मीडियाचा वेगळा. ब्राउझरचा टायमर मीडियाच्या आवाजावर वाजतो. रात्री पोराला झोपवताना व्हिडिओ हळू केलेला असतो, सकाळी रिंग खणखणीत वाजतेय म्हणून आपण निर्धास्त, आणि टायमर कुजबुजतो.

लॅपटॉपवर टॅबवर उजवं क्लिक करून बघा, कधीतरी जाहिरातीला वैतागून "साइट म्यूट" केलेली असते आणि ती म्यूटच राहते.

शेवटचं, जिथे उभ्या राहणार आहात तिथे जाऊन ऐका. मिक्सर चालू असताना लॅपटॉपचा आवाज ओट्यापर्यंत येत नाही, एक्झॉस्ट फॅन चालू असला तरी फारसा येत नाही. बाथरूममध्ये शॉवरखाली तर काहीच नाही. ऐकू येणार नसेल तर लॅपटॉप अशा जागी ठेवा की आकडा दिसेल.

## पायरी ६: स्टार्ट नेमका कधी दाबायचा

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक भांडं गॅसवर ठेवलं की स्टार्ट दाबतात. चूक! टायमर काम सुरू झाल्यावर लावायचा, कामाची तयारी सुरू झाल्यावर नाही.

कुकर. शिट्ट्या मोजायच्या भानगडीत कितीजण "ही तिसरी की चौथी?" करत भांडतात, आमच्याकडे सासूबाई आणि मी रोज. त्यापेक्षा पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि तेव्हा स्टार्ट दाबा. कुकर पूर्ण प्रेशरला आला की आत साधारण १२० अंश होतं, खरं शिजणं तिथून पुढचं, आधीची मिनिटं नुसती पाणी तापण्यात जातात आणि ती रोज वेगळी असतात. आमच्या पाच लिटरच्या कुकरला भिजवलेली तूरडाळ आणि भात एकत्र लावला की पहिल्या शिट्टीनंतर बारीक गॅसवर ७ मिनिटं. तुमचा आकडा पायरी २ प्रमाणे तुम्ही काढा. गॅस बंद केल्यावर वाफ उतरायला दुसरा १० मिनिटांचा लावा, तोही शिजण्यातलाच वेळ आहे, घाई करून शिट्टी उचलली तर भाताचं पाणी उडतं आणि हात भाजतो तो वेगळा.

इडली. खालचं पाणी उकळून वाफ यायला लागली, मग स्टँड आत, मग झाकण, मग स्टार्ट. १० ते १२ मिनिटं. थंड पाण्यात स्टँड ठेवून बारा मिनिटं मोजली तर मधली इडली चिकट निघणार आणि दोष पिठाला.

अंडी. उकळत्या पाण्यात सोडल्यावर स्टार्ट. सोडल्याबरोबर पाण्याची उकळी बसते, पुन्हा येऊ द्या, पण टायमर थांबवू नका. एक गंमत म्हणजे पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. मुंबईच्या मावशीने सांगितलेली ७ मिनिटं इथे जरा कच्ची वाटली तर अर्धं-पाऊण मिनिट वाढवा.

पोहे. जाडे पोहे चाळणीत धुवून निथळत ठेवले की स्टार्ट, ५ ते ७ मिनिटं. हा टायमर पोह्यांसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त आहे, तेवढ्यात कांदा-मिरची चिरून झालीच पाहिजे. पातळ पोह्यांना टायमर नको, चिवड्याला घ्या ते.

दात घासणं. दोन मिनिटं, पण ब्रश तोंडात गेल्यावर. पेस्ट लावणं, आरशात तोंडं करणं यातच पोरं दीड मिनिट काढतात. अर्ध्या मिनिटाला एक बाजू असे चार भाग सांगितले की जमतं.

तपासा: स्टार्ट दाबल्यावर दोन सेकंद थांबून आकडा हलतोय ना बघा. हे हास्यास्पद वाटतं मला माहितीय, पण घाईत बटण दोनदा दाबलं जातं, एकदा सुरू आणि लगेच पॉज. भावाच्या मित्राने अख्खा सराव पेपर २:००:०० वर थांबलेल्या टायमरसमोर सोडवला होता, "आज वेळ कसला पुरतोय" म्हणत.

## पायरी ७: एकावेळी किती टायमर?

दोन. तिसरा लावलात की कुठला वाजला ते कळत नाही. दोन लावताना दोन्हींचे आवाज वेगळे निवडा आणि जमलं तर नाव द्या. एकाच साइटचे दोन टॅब उघडून ठेवण्यापेक्षा एक लॅपटॉपवर, एक फोनच्या घड्याळात असं वाटून टाका. माझ्याकडे गॅसवरचं लॅपटॉपवर आणि मोटर फोनवर, कारण मोटरसाठी मी घराबाहेर जाते आणि फोन सोबत येतो.

## पायरी ८: वाजल्यावर काय करायचं ते आधीच ठरवा

टायमर वाजला, आपण "हो हो" म्हणत बंद केला, हातातलं संपवू म्हणून बसलो आणि तिथेच विसरलो. हे माझं इतक्यांदा झालंय की आता उलटा क्रम धरलाय, आधी काम, मग आवाज बंद. वाजत राहू दे, घरच्यांना त्रास होऊ दे, गॅस बंद करून यायचं आणि मग लॅपटॉपचं बटण दाबायचं. मोटरला तर फोन वाजता ठेवूनच जिना उतरते, शेजारचे बघतात, बघू देत.

मुदतवाढ एकदाच. "आणखी दोन मिनिटं" दुसऱ्यांदा लावावी लागली तर मोजलेला वेळच चुकीचा आहे, कागदावरचा आकडा बदला.

आणि काम झालं की टॅब बंद करा. काही टायमर आपोआप पुन्हा सुरू होतात, दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला असताना लॅपटॉप कोंबड्यासारखा आरवला की मग संध्याकाळपर्यंत ऐकायला लागतं.

## अभ्यासाला लावणाऱ्यांसाठी

भाऊ एमपीएससी करतो, सदाशिव पेठेत अभ्यासिका लावलीय. तिथे आवाज चालतच नाही, फोन टेबलावर व्हायब्रेट झाला तरी दहा माना वळतात. मग काय, आवाज म्यूट, पान पूर्ण स्क्रीनवर, आणि संपल्यावर रंग बदलणारी साइट. फोन व्हायब्रेटवर ठेवायचा असेल तर टेबलावर नको, खिशात.

बाहेर लोक २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं ब्रेक असं लावतात ते वाचनाला ठीक आहे, सरावाला त्याचा उपयोग कमी. सरावाला पेपरचंच गणित घ्या. राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या पहिल्या पेपरला १०० प्रश्न आणि २ तास, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. दुसऱ्याला, सीसॅटला, ८० प्रश्न आणि २ तास, म्हणजे ९० सेकंद. आता प्रत्येक प्रश्नाला ७२ सेकंदांचा टायमर लावू नका, वेड लागेल, सोपा प्रश्न २० सेकंदांत होतो आणि अवघड तीन मिनिटं खातो. १० प्रश्नांचा गठ्ठा करा आणि १२ ऐवजी ११ मिनिटं लावा. दर गठ्ठ्याला वाचलेलं ते एक मिनिट उत्तरपत्रिकेतले गोळे रंगवायला आणि सोडलेल्या प्रश्नांकडे परत यायला लागतं. वाजला की पेन खाली, अर्धवट प्रश्नावर खूण करून पुढचा गठ्ठा. इथे मुदतवाढ एकदाही नाही, परीक्षेत कोण देणारे?

आकड्याकडे सारखं बघायची सवय लागली तर टायमर डोळ्यांच्या रेषेतून बाजूला सरकवा. सिग्नलला आकडा ३ वर आला की मागचे कसे हॉर्न सुरू करतात, हिरवा व्हायच्या आधीच, तसं मनात व्हायला लागतं आणि शेवटचे दोन प्रश्न उगाच चुकतात.

## मुलांना लावताना

स्टार्ट मुलाला दाबू द्या. आईने लावलेला टायमर म्हणजे आईची कटकट, स्वतः लावलेला असला की भांडण आकड्याशी होतं. टीव्ही बंद करायला लावत असाल तर वेळ एपिसोडच्या मधे संपणार नाही असा निवडा, नाहीतर रडारड तुम्हीच ओढवून घेतलीय. शेवटची दोन मिनिटं उरली की तोंडाने एकदा सांगा. आणि वाजल्यावर तुम्ही स्वतः फोनमध्ये डोकं घालून "थांब रे, माझं पाचच मिनिटं" म्हणालात तर उद्यापासून तो टायमर शोभेचा.

## तरीही बिघडलं तर हे बघा

वाजलाच नाही पण आकडा शून्य आहे: ब्लूटूथ, साइट म्यूट, मीडियाचा आवाज, या क्रमाने.

आकडा मधेच थांबलेला: लॅपटॉप झोपला, फोन लॉक झाला, किंवा पॉज दाबला गेला.

टायमर पुन्हा पूर्ण वेळ दाखवतोय: पान परत लोड झालं. बरेच टॅब उघडे असले की फोन मागचं पान फेकून देतो आणि तुम्ही परत आलात की नव्याने उघडतो, गेलेला वेळ त्याच्या लेखी गेलेलाच नसतो. अशा वेळी अंदाजाने पुन्हा लावू नका, आधी गॅसपाशी जाऊन बघा.

उशिरा वाजला: टॅब मागे होता. खिडकी वेगळी काढा, नाहीतर साइट बदला.

वेळेवर वाजला, ऐकूही आला, तरी टाकी वाहिली: मीटरच्या खोलीची किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवा. आमची आता तिथेच असते, आणि तिच्यावर लेकाने स्केचपेनने १४ लिहिलेलं आहे.